परतीची तार

मांडवी नदी समुद्राला मिळते त्या बाजूला एक निवृत्त कप्तान राहत होते. उभा जन्म त्यांनी मोठ्या मालवाहू जहाजांवर काढला होता. निवृत्तीनंतर त्यांनी छत्तीस फुटांची एक शिडाची बोट घेतली. त्यांच्या पत्नी आधी हौस म्हणून बोटीवर येत. पुढे त्या शीड चढवायला शिकल्या, नकाशा वाचायला शिकल्या आणि रात्रीचा पहाराही एकट्या करू लागल्या. मुलं परदेशी होती. घरात दोघंच आणि बोटीवरही दोघंच.

दोघांच्या बोटीला तिसरा हात लागतो. रात्री एक जण झोपला की दुसऱ्याला शिडं बघावी लागतात, नकाशा बघावा लागतो, मासेमारीच्या ट्रॉलरचे दिवे आणि जाळ्यांच्या खुणा शोधाव्या लागतात. हे सगळं करताना सुकाणू मात्र क्षणभरही सोडता येत नाही. एकट्या माणसाला हे फार वेळ झेपत नाही. म्हणून बोटीवर ऑटोपायलट होता. दोघंही त्याला नुसतं पायलट म्हणत.

पायलटचं काम सरळ होतं. त्याचं स्वतःचं एक होकायंत्र होतं. बोटीचं तोंड ठरलेल्या दिशेवरून किती ढळलं, हे ते संगणकाला सांगायचं. संगणक मोटरला हुकूम द्यायचा आणि मोटर एका दांड्याने सुकाणू ढकलायची. हे सगळं बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचं. 1895 ते 1898 या काळात जोशुआ स्लोकम एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा त्याच्या बोटीवर असला पायलट नव्हता. शिडं जुळवून आणि सुकाणूचं चाक बांधून ठेवून तो बोट तासन्‌तास सरळ नेत असे. आता ते काम वीज करते. म्हणून आताच्या दर्यावर्दीला वाऱ्याइतकीच तारांचीही काळजी वाहावी लागते.

कप्तानांना एकदा शिडावर मुंबईपर्यंत जायचं होतं. त्याच मांडवीत, दिवाडी बेटावर, 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली गेली होती. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे तिच्यावरून एकटे जगाला फेरी मारून आले होते. आपण निदान मुंबई तरी गाठावी, असं कप्तान म्हणत. बाईंनाही ते मनापासून हवं होतं.

फाल्गुनात ते निघाले. त्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि मुंबईकडे जाणाऱ्याच्या तो थेट तोंडावर येतो. रात्री उशिरा तो पडतो, मग जमिनीकडून मतलई वारा सुटतो. पहिल्या रात्री नऊच्या सुमारास वायव्येचा वारा अजून पडला नव्हता. कप्तान खाली झोपले होते आणि बाई पहाऱ्यावर होत्या. बोट कलून चालली होती आणि लाटा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आपटत होत्या. एकाएकी पायलटचा पडदा विझला. दांडा जिथे होता तिथेच थांबला. बोटीने वाऱ्यात तोंड घातलं, शिडं फडफडू लागली आणि शिडाखालची आडवी काठी दाणकन या बाजूची त्या बाजूला गेली.

बाईंनी झेप घेऊन चाक धरलं. कप्तान धावत वर आले. तोवर पडदा पुन्हा उजळला होता. पायलट जणू आताच कोणी चालू केला असावा, तसा हुकमाची वाट पाहत होता. कप्तानांनी बटण दाबलं. त्याने मुकाट्याने दिशा धरली. दहा मिनिटांनी तो पुन्हा विझला.

ती रात्र दोघांनी आळीपाळीने चाक धरून काढली आणि पहाटे बोट मागे वळवली.

धक्क्यावर आल्यावर कप्तानांनी एका तरुण इंजिनियरला बोलावलं. मुलगा हुशार होता, अशा यंत्रांचं रीतसर शिक्षण घेतलेला. त्याने धक्क्यावरची वीज जोडलेली ठेवली, म्हणजे कामात बॅटरी उतरायला नको. मग त्याने मीटर लावला. व्होल्टेज उत्तम होतं. फ्यूज शाबूत होता. बटण दाबलं की सुकाणू डावीकडे जायचं, बटण दाबलं की उजवीकडे यायचं. पडद्याच्या मागे थोडा ओलावा दिसला, म्हणून त्याने पडदा बदलला. संध्याकाळपर्यंत पायलट चालू ठेवून पाहिला. एकदाही अडला नाही.

पुढच्या फेरीत वारा वाढला आणि पायलट विझला.

मुलगा पुन्हा आला. या वेळी त्याने होकायंत्र तपासलं. त्याच्या शेजारच्या कपाटात पान्यांची लोखंडी पेटी ठेवलेली होती. लोखंड जवळ असलं की होकायंत्र चुकतं आणि बोट नागमोडी चालते. मुलाने पेटी दुसरीकडे हलवली. ते योग्यच केलं. बोट आधीपेक्षा सरळ चालू लागली. पण नागमोडी चालणं वेगळं आणि दिवाच विझणं वेगळं. विझण्याचं दुखणं तसंच राहिलं.

मग तो मुलगा स्वतः समुद्रावर आला. त्याला उलट्या होत होत्या, तरी बोटीच्या मागच्या टोकाच्या अरुंद खणात तो पोटावर सरपटत गेला. मोटर जोरात चालत होती. मीटरची लाल काडी त्याने पायलटच्या प्लसला लावली. मायनसचा स्क्रू मोटरच्या पाठीमागे होता आणि तिथे हात पोचत नव्हता. म्हणून काळी काडी त्याने इंजिनच्या लोखंडाला टेकवली. इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडलेलं असतं, तेव्हा त्याला ते सारखंच वाटलं. मीटरने 12.2 दाखवलं. त्याच क्षणी वर पडदा विझला.

"सर, वीज बरोबर येतेय आणि तरी तो बंद पडतोय," मुलगा म्हणाला. "म्हणजे संगणक गेला."

त्याच्या हातात जे होतं त्यावरून दुसरं काही म्हणता येत नव्हतं. नवा संगणक परदेशातून मागवला. लाखाच्या वर खर्च झाला आणि कित्येक आठवडे वाट पाहावी लागली. तो बसवला, धक्क्यावर चालवून पाहिला आणि दोघं पुन्हा उत्तरेला निघाले. वेंगुर्ला रॉक्सचा दिवा उजवीकडे मागे टाकला न टाकला, तोच वारा चढला आणि नवा संगणकही विझला.

कप्तान फार बोलले नाहीत. बोट वळवताना ते एवढंच म्हणाले, "आता रात्रीचं जायला नको. दिवसाउजेडी नदीत फिरू. आपलं वयही झालं."

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी खाली जाऊन आपली वही काढली, वेळ लिहिली, वाऱ्याचा जोर लिहिला आणि वही फडताळात ठेवली.

धक्क्याजवळ एक तांडेल जाळी दुरुस्त करत बसायचा. बोट परत आलेली पाहून त्याने विचारपूस केली. कप्तानांनी सगळी हकिगत सांगितली. तांडेल म्हणाला, "आमच्या ट्रॉलरची वीज एक मिस्त्री बघतो. तुमच्या यंत्राचं त्याला ठाऊक नसेल. पण तारेचं त्याला कळतं."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. सत्तरीकडे झुकलेला, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. तरुण इंजिनियरही आला होता. आपला संगणक का चालला नाही, याचा त्याला घोर लागला होता आणि पैसे न घेता तो पुन्हा बघायला आला होता. मिस्त्रीने पिशवी उघडली नाही. चाकाशेजारच्या बाकावर बसून तो म्हणाला, "सांगा."

कप्तानांनी सांगितलं. पडदा बदलला, होकायंत्राजवळची पेटी हलवली, संगणक बदलला. बिलांची फाइल त्यांनी पुढे ठेवली. मिस्त्रीने फाइल मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"हे झालं काय काय बदललं ते," तो म्हणाला. "बंद पडतो त्या वेळी इथे कोण असतं?"

कप्तान क्षणभर थांबले. "ती असते. संध्याकाळचा पहिला पहारा तिचाच."

मिस्त्री बाईंकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगा. बंद पडायच्या आधी काय दिसतं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. बाई खाली गेल्या आणि वही घेऊन आल्या. साधी रेघांची वही होती. पायलट विझला त्या प्रत्येक वेळेची नोंद तिच्यात होती. तारीख, वेळ, वारा कुठून आणि किती, बोट किती कललेली, कोणते दिवे चालू, इंजिन चालू की बंद. त्या वाचू लागल्या. मिस्त्रीने एकदा मध्येच हात वर केला.

"इंजिन चालू असताना एकदाही नाही?"

बाईंनी पानं मागेपुढे केली. "एकदाही नाही."

"आणि धक्क्यावर?"

"धक्क्यावर कधीच नाही."

"धक्क्यावर चार्जर चालू असतो?"

"नेहमी," इंजिनियर म्हणाला.

"वाचा पुढे."

बाईंनी पुढे वाचलं. तीन नोंदींमध्ये एक ओळ सारखी होती. चाकासमोर एक मोठं जुनं होकायंत्र होतं, डोळ्यांनी पाहण्याचं. रात्री ते दिसावं म्हणून त्यात एक लहान लाल दिवा होता. बाईंनी लिहिलं होतं की पायलट जोरात काम करू लागला की हा दिवा मंद होतो आणि पायलट विझला की तो लगेच पहिल्यासारखा होतो.

"मी बोलले होते यांना," बाई म्हणाल्या. "पण तो बल्ब जुना झालाय असं वाटलं."

"खालचे दिवे मंद होतात?"

"नाही. खाली सगळं लख्ख असतं. मी बघितलंय."

मिस्त्री उठला. त्याने फ्यूजची पाटी उघडली आणि इंजिनियरला विचारलं, "या लाल दिव्याचा प्लस कुठून येतो?"

"वेगळ्या फ्यूजवरून. पायलटचा फ्यूज निराळा आहे."

"आणि मायनस?"

मुलाने चाकाखालचं झाकण काढून आत टॉर्च मारला. लाल दिव्याची काळी तार आणि पायलटची जाड काळी तार एकाच स्क्रूवर येत होत्या. तिथून एकच तार तळाच्या फळ्यांखालून बॅटरीकडे परत गेली होती. मुलगा पाहतच राहिला.

"प्लस दोघांचे वेगळे," तो हळू म्हणाला. "दोघांचं सामाईक एवढंच आहे. ही परतीची तार."

"वहिनींनी अर्धं काम करून ठेवलंय," मिस्त्री म्हणाला. "उरलेलं आपण करू. आधी तो चार्जर बंद कर."

चार्जर बंद झाला. मिस्त्रीने पिशवीतून जीपच्या हेडलाइटचा एक बल्ब काढला. त्याला दोन जाड तारा जोडलेल्या होत्या. बल्बातल्या लहान आणि मोठ्या अशा दोन्ही तंतूंची जोडणी त्याने एकत्र केली होती, म्हणजे तो एकदम नऊ-दहा अँपिअर ओढायचा. वाऱ्यात पायलटची मोटर साधारण तेवढंच ओढते. पायलट सोडवून त्याच्या जागी बल्ब लावण्याआधी मिस्त्री म्हणाला, "आता तुझा मीटर लाव."

मुलाने मीटर लावला. 12.6.

"आता बघ." त्याने बल्ब जोडला. बल्ब पेटला, पण पिवळट, आजारी उजेडाचा. मीटर घसरत 9.7 वर येऊन थांबला. त्याच वेळी बाईंनी बॅटरीवर दुसरा मीटर धरला होता. तिथे 12.3 होते.

"मधले 2.6 कुठे गेले?" मिस्त्रीने विचारलं.

मुलगा आता स्वतःच पुढे झाला. एक लांब तार घेऊन त्याने आधी प्लसची बाजू मोजली, बॅटरीपासून बल्बपर्यंत. 0.2 गेले होते. मग मायनसची बाजू मोजली. 2.4. त्याने काळी तार सोडवून बल्बचा मायनस त्या लांब तारेने थेट बॅटरीला लावून पाहिला. बल्ब एकदम पांढरा झाला. खण उजळून निघाला.

"पण काका, माझ्या मीटरने बारा दाखवलं होतं. मोटर चालू असतानासुद्धा."

"तू काळी काडी इंजिनला लावली होतीस. म्हणजे ही तार तू मोजलीच नाहीस, तिला वळसा घालून गेलास. आणि धक्क्यावर तू मोजलंस तेव्हा तिच्यातून काही जातच नव्हतं. मीटर काही ओढत नाही. साकवावरून एकटा माणूस आरामात जातो रे. वऱ्हाड आलं की कळतं साकव कसा आहे."

मग त्याने बसूनच सगळं उलगडून सांगितलं आणि कप्तानही खाली बसून ऐकत राहिले. तारेत कुठेतरी जोड सडली होती. थोडी वीज तिच्यातून बिनबोभाट जायची. समुद्र शांत असला की मोटर दोन-तीन अँपिअर घ्यायची, तेवढ्यापुरतं चालायचं. वारा वाढला, मोटर जोर करू लागली, की त्या जोडीतच अडीच व्होल्ट खर्च व्हायचे आणि संगणकाला दहाही मिळायचे नाहीत. तो बंद पडायचा. तो बंद पडला की मोटर थांबायची. मोटर थांबली की ओढ संपायची, व्होल्टेज उसळी मारून पुन्हा बारावर यायचं आणि संगणक जागा व्हायचा. शोधायला जावं तोवर दोषाचा मागमूस उरायचा नाही. इंजिन चालू असलं की त्याचा अल्टरनेटर चौदा व्होल्ट द्यायचा, त्यातून अडीच गेले तरी साडेअकरा उरायचे. धक्क्यावरचा चार्जरही तसाच दोष झाकून टाकायचा. फ्यूज का उडाला नाही, तेही साधंच होतं. फ्यूज जास्त वीज वाहिली की उडतो आणि इथे वीज कमी पडत होती.

आता जोड शोधायची होती. लांब तारेचं एक टोक बॅटरीच्या मायनसला ठेवून मिस्त्री आणि मुलगा काळी तार धरत धरत पुढे गेले. बल्ब पेटता ठेवला होता. चाकाखाली 2.4. मागच्या कपाटात 2.4. पाणी उपसणाऱ्या पंपाच्या नळीजवळ फळी काढली, तिथून थोडं पुढे मोजलं तर जेमतेम 0.1. दोष त्या हातभर अंतरात होता.

तिथे पूर्वी कोणीतरी तार जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. पंपाच्या नळीचा एक सांधा थेंब थेंब गळत होता आणि तो थेंब नेमका त्या टेपवर पडत होता. मिस्त्रीने टेप उलगडली. आत हिरवी भुकटी होती. त्याने बोटाने ती झटकली, तेव्हा त्या जाड तारेच्या कित्येक बारीक तारांपैकी दोन-तीनच धड उरलेल्या दिसल्या. बाकीच्या मिठाने खाल्ल्या होत्या. वरचं काळं आवरण मात्र नव्यासारखं होतं.

मुलाने पिशवीतली कात्री घेतली आणि जोड तिथेच कापून पुन्हा बांधायला निघाला. मिस्त्रीने त्याला थांबवलं. त्याने आवरण थोडं मागे सोलून दाखवलं. आतलं तांबं काळं पडलं होतं. आणखी सोललं, तरी काळं. तांब्याच्या तारेत खारं पाणी एका टोकाने शिरलं की आवरणाच्या आतून पुढे पुढे झिरपत जातं. अशा काळ्या तांब्यावर नवी जोड टिकत नाही.

त्यांनी ती तार पूर्ण काढून टाकली. कल्हई केलेल्या तांब्याची, आधीपेक्षा जाड अशी नवी तार चाकापासून बॅटरीपर्यंत मध्ये जोड न देता ओढली. दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवले आणि वर आतून गोंद असलेली नळी गरम करून आवळली. तार तळातून न नेता वर, कोरड्या बाजूने नेली. मिस्त्रीने थिंबल बसवल्यावर प्रत्येक टोक हाताने जोरात ओढून पाहिलं. सगळ्यात शेवटी त्याने पंपाच्या नळीचा तो सांधा काढला, साफ केला आणि नवी पट्टी आवळली. कप्तान म्हणाले, "हे पायलटचं काम नव्हे." मिस्त्री म्हणाला, "पायलटचंच आहे. हे गळत राहिलं तर तार परत सडेल."

बल्ब पुन्हा लावला. बॅटरीवर 12.3, बल्बवर 12.

त्याच दिवशी दुपारी वारा चढल्यावर चौघं बोट घेऊन बाहेर पडले. इंजिन बंद, चार्जर नाही, बोटीवरचे सगळे दिवे चालू. मुलगा पुन्हा त्याच खणात शिरला. या वेळी त्याने हात खरचटून घेतला, पण काळी काडी पायलटच्याच मायनसला लावली. वाऱ्याचे झोत येत होते, मोटर घुरघुरत होती, दांडा सारखा मागेपुढे होत होता. मुलगा आतून आकडे ओरडून सांगत होता आणि बाई ते वहीत लिहीत होत्या. बाराच्या खाली आकडा फारसा गेला नाही. अंधार पडल्यावर बाईंनी लाल दिवा लावला. तो एकाच उजेडाने जळत राहिला.

परत आल्यावर मिस्त्रीने तारेचे, थिंबलचे आणि दिवसाच्या मजुरीचे पैसे सांगितले. बिलांच्या त्या फाइलपुढे ते इतके थोडे होते की कप्तानांनी त्याच्या हातात जास्त ठेवले. त्याने जास्तीचे मोजून परत दिले. बल्ब मात्र त्याने इंजिनियरला दिला. "मीटर टाकू नकोस," तो म्हणाला. "याच्याबरोबर वापर."

जुना संगणक मुलाने घरी नेऊन बल्बाचा भार देत तपासला. तो ठणठणीत होता. पडदाही ठणठणीत होता. दोन्ही त्याने पुसून, बांधून, कप्तानांना सुटे भाग म्हणून परत आणून दिले.

या गोष्टीत कोणीही आळस केला नव्हता आणि कोणी फसवलंही नव्हतं. सगळे भाग निवांत असताना तपासले गेले आणि निवांत असताना ते ठीकच होते. ताण येत होता समुद्रावर, रात्री, वाऱ्यात. त्या वेळी तिथे जी एकटी जागी होती, तिच्या वहीत उत्तर लिहिलेलं होतं. तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण ती यंत्रांतली नव्हती. घरात आणि कामाच्या जागीही हे फार वेळा घडतं. सकाळच्या चहाला आपण माणसाला विचारतो, बरं आहे ना? तो हो म्हणतो आणि त्या वेळी ते खरंही असतं. त्याच्यावर ओझं येतं तेव्हा आपण तिथे नसतो. जी बाजू दिसत नाही, जिच्यावर फ्यूज नाही आणि जिला कोणी मोजत नाही, तिच्यातूनही तेवढाच भार परत येत असतो.

कप्तान आणि बाई त्याच मोसमात मुंबईला जाऊन आले. ज्यांच्याकडे अशी बोट आहे त्यांनी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर पडण्याआधी एवढं करावं: चार्जर आणि इंजिन बंद ठेवून, भार टाकून, पायलटच्या स्वतःच्या दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावं. आणि नवा भाग मागवण्याआधी, बंद पडला त्या वेळी चाकाजवळ जे कोणी होतं, त्याच्याशी बसून नीट बोलावं.